पाठ फिरवून ऐकलेली वायर

डोळ्याला पापणी आहे, मुखाला ओठ आहेत. कानाला मात्र परमेश्वराने दार ठेवले नाही. नाम येते तेही आत येते, निंदा येते तीही आत येते, आणि विकणाऱ्याची गोड वाणी तर पाय न पुसता थेट माजघरात येऊन बसते. म्हणून कानाच्या उंबरठ्यावर एक राखणदार बसवावा लागतो. त्या राखणदाराला संशय म्हणतात. कीर्तनात आम्ही त्याची पुष्कळ निंदा करतो, आणि देवाच्या दारात त्याला जोड्यांपाशीच थांबवावे हे खरेच आहे. पण बाजारात निघालात तर त्याला बरोबर घ्यावे, आणि स्वतःच्या मनात डोकवायचे असेल तर त्याचे बोट सोडूच नये. हे मी पोथीतून शिकलो नाही. वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथल्या इंद्रभानभाऊंकडून शिकलो.

इंद्रभानभाऊ पखवाज वाजवतात. पोट भरते ते सोयाबीन आणि तुरीवर. पण गावोगावच्या सप्ताहात त्यांना जो मान आहे तो शेताचा नव्हे, हाताचा. आणि खरे सांगायचे तर हाताचाही नव्हे, कानाचा. आमच्याकडे नवा पखवाज घेतला, पेटी दुरुस्त होऊन आली, टाळांची जोडी विकत आणली, की पहिला प्रश्न होतो, "इंद्रभानभाऊले आयकवलं काय?" मग भाऊ डोळे मिटतात, मान किंचित उजवीकडे कलते, आणि निकाल येतो. एकदा रिसोडच्या मंडळींनी मोठ्या हौसेने पितळी टाळ आणले. भाऊंनी एक नाद ऐकला आणि म्हणाले, "हे जुळे नाहीत बाप्पा, सवती हायेत." मंडळी हसली, पण दुसऱ्या दिवशी टाळ बदलून आली.

हा कान त्यांना शेषरावबाबांनी दिला. बाबा त्यांचे गुरू. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. बाबांची एक शिस्त होती. पखवाजाचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून स्वर लावायचा, डाव्या अंगाला ओली कणीक चढवायची, आणि मग पखवाज दुसऱ्याच्या हाती देऊन आपण पाठ फिरवून बसायचे. थाप दुसऱ्याने मारायची, ऐकायचे आपण. "ज्याच्या हातात हातोडी, त्याचा कान लबाड," असे बाबा म्हणत. ज्याने घाम गाळून स्वर लावला, त्याला तो लागलेलाच ऐकू येतो, कारण त्याला तो लागायला हवा असतो. आजही कीर्तनाआधी इंद्रभानभाऊ पखवाज लावून झाला की कोणा टाळकऱ्याच्या मांडीवर ठेवतात आणि स्वतः खांबाकडे तोंड करून बसतात. नवखी माणसे एकमेकांना कोपर मारतात. भाऊंना त्याचे काही नसते.

असा हा माणूस, आणि अशा माणसाला एका वायरीने गाठले.

दोन वर्षांमागे त्यांच्या शिष्यांनी त्यांचा सत्कार केला. शालींची घरात थप्पी लागली होती, म्हणून शिष्यांनी शालीऐवजी एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर दिले. तेव्हापासून दुपारची जेवणे झाली की भाऊंच्या ओसरीत जुन्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे लागत. पेनड्राइव्हमध्ये सारे भरलेले. भाऊ भिंतीला टेकून ऐकत, आणि समोर गोजराबाई, त्यांची पत्नी, तूर निवडत ऐकत. संसार असा तालात चालला होता. खोट एकच होती. गाणारा थांबला, पखवाज थांबला, की मागे एक बारीक घरघर उरत असे. कोणाला ती जाणवली नसती. भाऊंना ती भाकरीतल्या खड्यासारखी लागे.

हे वाशीमच्या हरीओमला कळले. हरीओमचे वाशीममध्ये आवाजाच्या यंत्रांचे दुकान आहे. माणूस नम्र, बोलणे साखरेत घोळलेले. फवारणीच्या दिवसांत तो एका दुपारी गाडी घेऊन दारात आला आणि मखमली पिशवीतून त्याने अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणारी एक वायर काढली. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेली, टोकाला चकचकीत धातूचा भला मोठा प्लग. वाटावे, गारुड्याच्या टोपलीतून काही निघाले. त्याने किंमत सांगितली. गोजराबाईंनी निवडण्याचे सूप खाली ठेवले.

"येवढ्यात दारात दुभती बकरी येते, बाप्पा!"

"वैनी, बकरी दूध देते, ही सूर देते," हरीओम हसला. "भाऊ, करंट म्हंजे काय? पानी. पाइप घान असला तं पानी घान येईन. यंत्र कितीबी भारी घ्या, त्याच्या पोटात घान करंट गेला तं आवाज साफ कसा निंगीन?"

"आसं?" गोजराबाई म्हणाल्या. "मंग मले एक सांग हरीओम. धरनापासून गावापर्यंत सारी पायपं गंजेल हायेत. अन् तोटीपाशी हातभर चांदीची नळी लावली, तं पानी गोड येते काय? त्या खांबावरची तार पाह्य. तिच्यावर माकडं झोके घेतात. ते तं तुवं बदललं नाही."

 हरीओम हात जोडून म्हणाला, "वैनी, हे बोलन्याचं नाही, आयकन्याचं काम हाये. अन् आयकनारा माणूस तं घरात बसेल हाये. भाऊ, वायर ठेवून जातो. पैशाची गोष्टच नाही. आयका. पटलं तं फक्त खरं सांगा."

फक्त खरे सांगा! माणसाला फसवायचे तर याहून साधा मार्ग नाही, आणि माणसाला तारायचे तरी याहून साधा मार्ग नाही.

त्या वेळी ओसरीत आणखी एक माणूस होता, प्रसेनजित. तो मालेगावला बँकेत नोकरी करतो. त्याचे वडील जानराव याच गावचे. ते भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवीत आणि इंद्रभानभाऊंचे जिवाभावाचे मित्र होते. एकाचा विठ्ठल, एकाचा बुद्ध. पण वाद्याचे चामडे आणि त्यावरची काळी शाई दोघांची एक. ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, उतरली की जानराव भाऊंकडे येत, भाऊंच्या पखवाजाची वादी तुटली की जानरावांचे हात लागत. जानराव गेले. त्यांच्या ढोलकीची शाई उडाली होती, ती दाखवायला प्रसेनजित त्या दिवशी आला होता.

हरीओमने जुनी वायर काढली. नवीचा प्लग एवढा रुंद होता की बोर्डावरचे शेजारचे भोक त्याखाली झाकले जात होते. त्या भोकात गोजराबाईंच्या फवारणी पंपाचा चार्जर होता. पाठीवर घेऊन फिरायचा बॅटरीचा पंप. रात्री-दुपारी इथेच चार्जिंगला लागे. हरीओमने चार्जर अलगद उपसून बाजूला ठेवला. "अवो, माह्या पंपाची जागा खाल्ली त्यानं!" असे पुटपुटत गोजराबाई तो स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या श्रोत्यांचेही न जावो, कारण गोष्ट अजून पुढे आहे.

कीर्तन लागले. गाणाऱ्याने अभंगाचा चरण सोडला, पखवाजाने तोडा घेतला, दोघे समेवर आले आणि थांबले. थांबले, आणि मागे काहीच उरले नाही! घरघर नाही. भाऊंनी डोळे उघडले.

"फरक हाये," ते म्हणाले. "अरे, आवाजामांगचा धूर गेला."

हरीओमने वाकून पायाला हात लावला. पण शब्द झेलला तो प्रसेनजितने. तो पुढे सरकला.

"काका, नक्की?"

"मी आयकला ना बापू. नक्की."

"मंग मी घेतो. आईसाठी." प्रसेनजितने सांगितले. त्याची आई भागिरथा, जानरावांची पत्नी, दुपारभर जानरावांच्या पार्टीची जुनी गाणी ऐकत बसते. आणि काही महिन्यांपासून तक्रार करते की ढोलकी ऐकू येते, पण शब्द वाहून जातात. वाशीमच्या डॉक्टरांनी कानाचे मशीन सांगितले होते. ती ऐकायला तयार नव्हती. "म्हनते, कान चांगले हायेत, तुहं यंत्रच खराब. काका, दोनी गोष्टी घेन्याची माही ताकद नाही. मशीन घेतलं अन् तिनं पेटीत ठेवलं, तं वायाच. वायरीनं शब्द साफ येत असन तं वायर घेतो. तुमी म्हना फक्त."

भाऊंच्या कानात अजून ती स्वच्छ शांतता भरलेली होती. "घे," ते म्हणाले. येत्या रविवारी वाशीमला जाऊन वायर घ्यायची, असे प्रसेनजितने ठरवले.

दोन दिवसांनी हरीओम परत आला. या वेळी त्याच्या हातात मोबाइल होता.

"भाऊ, दोन शब्द बोला. इंद्रभानभाऊंनी आयकून पास केली, येवढंच. बाकी मी गावोगाव पोचवतो."

भाऊंनी डोक्याला टोपी घातली, पखवाज जवळ ओढला, बोलायला तोंड उघडले, आणि थांबले. हरीओम मोबाइल धरून इतका आनंदाने वाकला होता की तो आनंद भाऊंना खुपला. देवळात एवढे वाकलेले त्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते. जोड्यांपाशी थांबलेला राखणदार उठून आत आला.

"हरीओम, तुवं पाठ फिरवून आयकली काय ही वायर?"

"म्हंजे?"

"म्हंजे कोनती वायर लागेल हाये थे ठावं नसतानी. इकडे तोंड करून बस. गोजरा वायर बदलीन. तू सांग, कोनती."

हरीओमच्या चेहऱ्यावरची साखर किंचित विरघळली. "भाऊ, अशी परीक्षा घेतली तं आनंदच जाते. थोडी श्रद्धा ठेवा लागते."

"श्रद्धा देवावर ठेवतो, बावा. वायरीवर कायले?"

हरीओम हसला, घाई आहे म्हणाला, मोबाइल खिशात ठेवला आणि गेला. तो लबाड होता का? मला सांगता येणार नाही. कदाचित त्याने स्वतःलाच पहिले गिऱ्हाईक केले असेल. परंतु जो माणूस पाठ फिरवायला भितो, त्याच्या ज्ञानात कुठेतरी हातोडी लपलेली असते, हे इंद्रभानभाऊंना ठाऊक होते. आणि त्यांच्या मनात याहून वाईट शंका आली. हरीओमने पाठ फिरवली नाही. पण मी तरी कुठे फिरवली होती? टाळाच्या साध्या जोडीला जी शिस्त लावतो, ती मी या वायरीला का लावली नाही?

त्या दुपारी त्यांनी गोजराबाईंना समोर बसवले. भाऊंनी तुळशीपाशी जाऊन उभे राहायचे, म्हणजे प्लग बसल्याचा खटका कानी पडू नये. बाईंनी मनाला येईल ती वायर लावायची आणि हाक मारायची. भाऊंनी यायचे, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायचे, तोच चरण आणि तोच तोडा ऐकायचा, आणि सांगायचे, जुनी की नवी. बरोबर आले तर बाईंनी एका वाटीत तुरीचा दाणा टाकायचा, चुकले तर दुसऱ्या वाटीत सोयाबीनचा. तोंडाने काही बोलायचे नाही.

"अन् हसाचंबी नाही," भाऊ म्हणाले.

"हसन कायले? लगन झाल्यापासून तुमच्या पाठीकडेच पाहून राह्यली मी."

खेळ सुरू झाला. भाऊ येत, ऐकत, मान कलती होई, निकाल येई. "नवी. धूर नाही." पुन्हा तुळशीपाशी. "ही जुनी. डावं अंग बसेल वाटते." पुन्हा तुळशीपाशी. "नवी! आता सांगतो, ही नवीच. थाप पाह्य कशी उभी राह्यली." किती ठाम, किती सुंदर निकाल! एखाद्या पंडिताने सभेत द्यावेत असे. मागे वाटीत दाणा पडल्याचा बारीक नाद होई, आणि तूर की सोयाबीन हे त्या नादावरून मात्र भाऊंना कळत नसे.

दुपार कलली. भाऊ म्हणाले, "आन वाट्या."

दोन्ही वाट्या सारख्याच भरल्या होत्या. नाणे उडवून सांगितले असते तरी एवढेच आले असते.

भाऊंनी दोन्ही वाट्या उचलून तोलून पाहिल्या. गोजराबाईंनी पदर नीट केला. त्यांना हसू येत नव्हते.

"आनखी एक सांगतो. रागावू नोका. मदातल्या बऱ्याच खेपाइले म्या वायर बदललीच नाही. तीच जुनी होती. अन् तुमी कदी म्हनत, थाप उभी राह्यली, कदी म्हनत, बसली."

ज्या माणसाची साऱ्या परिसरात ओळखच कान, त्याच्यापुढे त्याचा कान असा वाटीत घालून ठेवला गेला. ते उठले आणि पखवाजाजवळ गेले. हात मात्र लावला नाही. तिथूनच म्हणाले, "गोजरा, मंग पह्यल्या दिवशी म्या काय आयकलं? थे तं खोटं नोतं. थे म्या आयकलं हाये."

"आयकलं असन. मले काय मालूम?" गोजराबाईंनी जुनी वायर लावलेलीच ठेवली, नवी मखमली पिशवीत घातली, आणि बोर्ड मोकळा दिसताच स्वयंपाकघरातून पंपाचा चार्जर आणला. "आता तरी माही जागा मले द्या. उद्या पाटाकडची फवारणी राह्यली." त्यांनी चार्जर भोकात खोचला.

यंत्र चालूच होते. स्पीकरमधून बारीक घरघर उठली.

भाऊ एकदम वळले. "काढ!"

"काय काढू?"

"चार्जर काढ वं!"

काढला. घरघर गेली. लावला, आली. भाऊंनी एक्स्टेन्शनचा लांब बोर्ड आणला, त्यावर स्वतः नवी वायर लावली, चार्जर तिच्या शेजारी जोडला, आणि पाठ फिरवून बसले. ती मखमली पिशवीतली, चकचकीत प्लगाची, बकरीच्या मोलाची वायर लागलेली असतानाही तीच घरघर, त्याच स्वरात, माशीसारखी गुणगुणू लागली. हरीओमच्या वायरीने धूर घालवला नव्हता. वायरीचा प्लग रुंद होता म्हणून चार्जर हलला होता, आणि चार्जर हलला म्हणून धूर गेला होता. आवाज सुधारला होता खरा. पण ज्याला हार घातला तो देव दुसराच होता.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. कान खरा निघाला! पहिल्या दिवशीचा निकाल सत्य होता! आणि बघा, मन किती चतुर वकील आहे. त्याच घटकेला त्याने भाऊंच्या कानाशी येऊन सांगितले: झाले तर मग. प्रसेनजितला एवढेच कळव की चार्जरची भानगड होती, वायर नको घेऊ. तूर-सोयाबीनची वाटी घरातली गोष्ट, ती घरातच राहील. तुझा कान अभंग राहील.

कारण इंद्रभानभाऊंना पुढचे दिसत होते. सप्ताहांची आमंत्रणे यायचे दिवस होते. पखवाजी पुष्कळ आहेत, तरुण आहेत, हात त्यांचे वेगवान आहेत. भाऊंना बोलावतात ते कानासाठी. एकदा का बाजारात शब्द पडला की इंद्रभानचा कान गेला, जुनी वायर लागेल असतानाही त्याले नवी आयकू येते, की खांबाकडे तोंड करून बसायची जागा दुसऱ्या कोणाला मिळेल. म्हातारपणी माणसाजवळ एवढेच तर असते.

"फोन करतो प्रसेनजितले," ते म्हणाले.

गोजराबाई चार्जरचा दोरा गुंडाळत होत्या. "शबद फोनवर देला होता काय?"

"नाही. येथीच, ओसरीत."

"मंग वापसबी तोंडानंच घ्या. अन् सांगाचं तं सप्पा सांगा. अर्धं सांगनं म्हंजे ज्याच्या हातात हातोडी..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. शेषरावबाबांना त्यांनीही ऐकले होते.

रविवारच्या आधीच, शनिवारी सकाळी भाऊ एसटीने मालेगावला प्रसेनजितच्या घरी गेले. भागिरथाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. आत जानरावांची ढोलकी चालू होती; आवाज इतका मोठा की रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. या दोन घरांची जुनी रीत आहे, प्रत्येकाने दुसऱ्याच्या रीतीचा नमस्कार करायचा.

"जय भीम, वैनी!" भाऊंनी मोठ्याने म्हटले.

"राम राम, भाऊ! या, बसा. काहून असं वरडून राह्यले? मी काय बहिरी हाये?"

प्रसेनजितने यंत्र बंद केले. चहा आला. भाऊंनी बशी हातात धरली, पण ओतला नाही. मग त्यांनी सांगितले. चार्जर सांगितला, प्लग सांगितला. आणि तिथे क्षणभर थांबले, कारण इथवर सांगूनही काम होत होते. मग त्यांनी तुळस सांगितली, पाट सांगितला, दोन वाट्या सांगितल्या. न बदललेल्या वायरीला आपण काय काय म्हणालो तेही, एकेक शब्द, सांगितले. भागिरथाबाईंना काही ऐकू येत नव्हते असे दिसले की ते तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणत. आपली चूक माणूस एकदा सांगताना घामाघूम होतो. भाऊंना ती प्रत्येक वाक्यागणिक दोनदा सांगावी लागली.

"प्रसेनजित, घे म्हनलो होतो. थो शबद वापस घेतो. वायरीत काई नाही. अन् माह्या कानात... माह्या कानातबी, जेवढं लोक म्हनतात, तेवढं नाही."

 भागिरथाबाईंचे हात मेथीवर थांबले होते.

"म्हंजे भाऊ, जे नोतं थे तुमाले आयकू आलं?"

"हो."

"तुमाले? इंद्रभानभाऊले?"

"हो वैनी, मलेच."

बाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उमलले, आणि ते टवाळीचे नव्हते.

"मंग मी कायले लाजू?" त्या म्हणाल्या. "तुमच्यावानी कानाचा माणूस फसते, अन् एसटीत बसून सांगाले येते. अन् मी दोन-तीन वर्सं झाली, लोकायच्या तोंडाकडे पाहून हो हो म्हनून राह्यली. काल शेजारीन तिच्या सासूच्या मयतीचं सांगून राह्यली होती, अन् मी म्हनलं, लय चांगलं झालं!"

प्रसेनजितला हसू फुटले, आणि त्याच वेळी डोळे पुसावे लागले.

"आई, मंग मशीन?"

"चाल. पन हे भाऊ संगं पायजेत. अन् भाऊ, ही वाटीची गोष्ट मी लोकायले सांगू काय?"

इंद्रभानभाऊंनी आता बशीत चहा ओतला. "सांगा," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगा. नाई तं लोक अर्धीच आयकतीन."

रविवारी तिघे वाशीमला गेले. आधी हरीओमच्या दुकानात. भाऊंनी मखमली पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "काढ मोबाइल. आता बोलतो दोन शबद." हरीओमने पिशवी घेतली, मोबाइल काढला नाही. पण भाऊ पायऱ्या उतरत असताना तो मागून आला आणि हळूच विचारले, "भाऊ, थे चार्जरचं... नक्की काय झालं होतं?" भाऊंनी त्याला सगळे सांगितले. त्याने त्याचे काय केले, मला माहीत नाही. मी अजून संशयच धरून आहे.

मग कानाच्या दवाखान्यात. तपासणाऱ्या मुलीने भागिरथाबाईंच्या कानात मशीन बसवून पाहिले आणि समोर बसून विचारले, "आजी, येतं का ऐकू?"

"तू समोर नोको बसू, माय. तुहे ओठ दिसतात मले." बाईंनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केले. "भाऊ, तुमी मांगून बोला. हळू."

खोली शांत झाली. इंद्रभानभाऊ दाराशी उभे होते. देवाचे नाव घ्यावे तितक्या हलक्या आवाजात ते म्हणाले, "जानरावची शाई लावून ठेवली, वैनी. ढोलकी घेऊन जाजा."

 भिंतीकडे तोंड ठेवूनच बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"उद्याच पाठवतो प्रसेनजितले," भागिरथाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, तेव्हा खुर्ची रिकामी झाली. मुलीने पुढच्या माणसाला हाक मारायला कागद उचलला. इंद्रभानभाऊंनी टोपी काढून प्रसेनजितच्या हाती दिली आणि अजून भिंतीकडेच वळलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसले.

"आता माहा कान पाह्य, बाई," ते म्हणाले. "अन् आवाज कवा करतं, थे मले सांगू नोको."